अकरा भाकरींचं अंतर

१० जानेवारी १९९४, सोमवार

सुप्याला पोचले. घोडेगावातनं नगर, नगरातनं सुपा, दोन यष्ट्या बदलल्या अन् एकीतबी खिडकी मिळाली न्हाई. तरी मजेत आले. पोरगा कोंडीराम फाट्यावर सायकल घेऊन उभा हुता. म्हनला, आई, मागं बस. म्हनलं, तुझ्या बापाच्या सायकलवरनं पडले तेवढं पुरं हाय. बोचकं क्यारेजला बसलं, मी पायी.

साक्षरतेच्या वर्गात शुभांगीबाईंनी सांगितलं हुतं, लंकाबाई, शिकलेलं गंजतं, रोज चार ओळी लिहा. शंभर पानी वही अन् दोन पेनशिली त्यांनीच दिल्या. बासष्टाव्या वर्साला अक्षर आलंय, आता त्याला राबवल्याबिगर सोडत न्हाई.

कोंडीराम कंपनीच्या इमानपट्टीवर वाचमन हाय. माळरानावर डांबराची लांबच्या लांब पट्टी, बाजूला गवत. कडंला पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत आमी. दुसरीत टेबल, फोन अन् भिंतीवर घड्याळ. मधलं दार उघडं ठेवलं की चुलीपासनं घड्याळ दिसतं. खांबावर कापडाची लांब पिशवी बांधलीय, वारा कुठला ते कळायला. लंब्या चड्डीचा एकच पाय वाळत घातल्यासारखी दिसती.

सून गीता कंपनीत पहिल्या पाळीला जाती. नात दीपा चौथीत हाय, तिची शाळा अकराला. तिनं मला हाताला धरून फाटकापाशी नेलं अन् तिथला फळा वाचायला लावला. न अडखळता वाचला. “गोदावरीकाठची पट्टी. रस्त्याने साडेतीन तास. विमानाने २२ मिनिटे.” दीपानं टाळ्या पिटल्या. मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

१३ जानेवारी, गुरुवार

मला नोकरी लागली. बिनपगारी.

रोज दहाला तिकडच्या पट्टीवरनं आसाराम वाचमनचा फोन येतो, उडालं म्हनून. मग कोंडीराम लाल झेंडा घेऊन सायकलनं पट्टीच्या पार टोकाला जातो, गुरं अन् कुत्री हाकलायला. त्यामुळं फोनपाशी कोनतरी लागतं. फोन वाजला की रजिस्टरात उडाल्याची येळ लिहायची, चाकं टेकली की उतरल्याची. आधी कोंडीराम माघारी येऊन अंदाजानं लिहायचा. आता म्हनला, आई, तू शिकलीस ना, मग लिही. दीपा म्हनली, आज्जीचं अक्षर पप्पांपरास चांगलं हाय. ते खरंच हाय. कोंड्याचं अक्षर म्हंजे कोंबडी उकिरडा उकरून गेल्यावानी.

घड्याळाकडं बघत बसनं माझ्यानं व्हायचं न्हाई. फोन वाजला की मी तवा ठेवते. बाजरीची एक भाकर थापून, भाजून, फुगवून दोन मिनिटं. चाळीस वर्सं झाली, त्यात फरक न्हाई. अकरावी भाकर इस्तवाला लावली अन् तिकडं चाकं टेकली. घड्याळात दहा बावीस. अकरा भाकरींत चौघांची दोन्ही येळची सोय. इमान माझ्या हिशोबानं चालतं म्हनायचं.

दीपा शाळेला निघायच्या आत चुलीपाशी बसून भाकरी मोजती. आज्जी, आज किती, हा तिचा रोजचा सवाल.

२० जानेवारी, गुरुवार

इमान चालवनारा राधाकृष्ण साहेब खोलीत आला, पानी मागितलं. गोरा हाय, पन बोलायला गोड. मी इचारलं, मधे अंतर किती. म्हनला, आजी, रस्त्यानं एकशे तीस किलोमीटर, आकाशातनं नव्वद. वरनं जाताना ना वळन, ना फाटक, ना म्हैस आडवी. मी म्हनलं, मग फुकटचं काय सांगता, अकरा भाकरींचं तर अंतर हाय. तो लई हसला. दारातनं जाताना म्हनला, उद्यापासनं हेच इचारीन.

अन् खरंच इचारतो. खाली उतरला की लांबनंच हात करून म्हनतो, आजी, आज किती भाकरींनी आलो?

२ फेब्रुवारी, बुधवार

वारा उलटा हुता. साडेतेरा भाकरी झाल्या. घड्याळात दहा सत्तावीस. मी तसंच लिहिनार तर कोंडीराम धापा टाकत आला. म्हनला, बावीसच लिही. इमानाचे मालक आप्पासाहेब समद्या पाव्हन्यांना बावीस मिनिटं सांगतात, फळ्यावर बी बावीस हाय, रजिस्टरात सत्तावीस दिसलं तर आपल्यालाच फाडून खातील. पाच मिनिटांनी कोनाचं काय जातंय?

मला पटलं. पाच मिनिटं ती केवढी. थापताना फाटलेली कड मोडून टाकावी तेवढी. लिहिलं दहा बावीस, झोकदार.

९ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभर वारा उलटाच हाय. रोज पंचवीस, सव्वीस. रोज बावीस लिहिते.

आज मातर गंमत झाली. सोळा भाकरी झाल्या अन् मग चाकं टेकली. घड्याळात दहा पंचवीस. म्हंजे साडेबारा भाकरी व्हायला पायजेत. कोंडीराम म्हनला, आई, वरात येनार हाय का? म्हनलं, तुझं दुसरं लगीन लावते. माझा हात भरभर चालला असंल.

दुपारी सहादेव मेंढपाळ टेकायला आला. बाजूच्या वाडीतला म्हातारा हाय, जिभेला हाड न्हाई. म्हनला, तुमच्या आधीच्या वाचमनची बायको गोजरबाई इथं रजिस्टर लिहायची. आली तवा चाळिशीची, काळेभोर केस. वरीस व्हायच्या आत गेली तवा पांढरीफटक, तोंडात दात न्हाई. बोलायची न्हाई. नुसती थापत बसायची, पीठ नसलं तरी. म्हनला, माळावरची काय तरी बाधा असंल, नारळ फोडा.

मी त्याला सांगितलं, बाबा, छप्पन साली आमी समदे देव गठुड्यात बांधून नदीत सोडले. तुमची भुतं बी त्याच गठुड्यात हुती.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

एकतीस भाकरी. पीठ संपलं.

नीट लिहिते, म्हंजे उद्या माझंच मला पटंल. फोन वाजला, कोंडीराम गेला, मी तवा ठेवला. दहा-बारा भाकरी झाल्या तवा वाटलं, लई शांत हाय. चुलीचा आवाज तेवढा. वर बघितलं तर दारात माशी. उडती न्हाई, पडती न्हाई. हवेत चिकटवल्यासारखी. बाहेर वाऱ्याची ती पिशवी फुगलेली, पन हालत न्हाई. घड्याळाचा काटा दहा सहावर.

दीपा आरशापुढं येनी घालत हुती. तीन पेड हातात, तोंडात रिबीन. तशीच. हाक मारली. हाताला धरलं तर दगडी पाट्यागत गार अन् घट्ट. झग्याची कड सुदिक हालंना.

मी काय केलं? भाकरी केल्या. दुसरं काय करनार. एकतिसावी तव्यावर असताना माशी उडाली, दीपानं रिबीन बांधली, इमान उतरलं. घड्याळात दहा चोवीस. रजिस्टरात दहा बावीस.

दीपानं मोजल्या, दोनदा. मग माझ्याकडं बघितलं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवसात नखं दोनदा कापली.

कोंडीरामाला सांगितलं. त्यानं घड्याळ दाखवलं. गीता म्हनली, आत्याबाई, तुमाला चक्कर येती, रक्त कमी हाय. सुप्यात डाक्टरला दाखवलं. त्यानं लाल गोळ्या दिल्या, म्हनला, वय झालं. वय झालं हे मला सांगायला त्याला एवढं शिकावं लागलं.

आज भाकरी मोजल्या न्हाईत. बसून ऱ्हायले. भूक लागली, खाल्लं. झोप लागली, उठले. काटा दहा अकरावर. परत भूक लागली.

२३ फेब्रुवारी, बुधवार

डोक्यात उजेड पडला.

रोज पाच मिनिटं कापते, चार कापते, सहा कापते. कापलेलं जातं कुठं? बाजरीची कापलेली ताटं तरी गंजीला लागतात. मिनिटं बी कुठंतरी पडतच असतील. अन् पडून पडून वाढत असतील, कोपऱ्यातल्या केरावानी. कोनाच्या दारात? जिच्या हातात पेन हाय तिच्या.

म्हनून आज फोन वाजायच्या आतच ठरवलं, खरं लिहायचं. अन् लिहिलं. दहा सव्वीस. अन् आज तेरा भाकरी झाल्या. बरोबर तेरा! बाहेर कुत्रं भुंकत हुतं, दीपा पाढे म्हनत हुती, पिशवी फडफडत हुती. राधाकृष्ण साहेबानं इचारलं, आजी, किती भाकरी, तर मी छाती फुगवून तेरा म्हनलं. भाकरीत गूळ घालून खाल्ला.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

हापिसातनं साहेब आला. रजिस्टर माझ्यापुढं आपटलं. कोंडीरामाला म्हनला, ही तुझी आई का घड्याळाची आई? माझ्याच हातानं सव्वीस खोडायला लावलं, वर बावीस लिहायला लावलं. परत असं दिसलं तर आजच्या आज खोली रिकामी, कोंडीराम घरी. मी सांगायला गेले. त्यानं ऐकलं न्हाई. त्याच्या जागी मी बी ऐकलं नसतं.

आज दोन झोपा झाल्या. पट्टीच्या टोकाला चालत गेले. कोंडीराम झेंडा वर करून उभा. डोळ्यात कचरा गेलेला, एक डोळा बारीक. त्याच्या पायाशी बसले थोडा येळ. लहान असताना बी झोपेत असाच एक डोळा उघडा ठेवायचा. मग नगर रोडपतूर गेले. टरक उभे. एका डायवरचं जांभईला उघडलेलं तोंड. हालनारी अख्ख्या मुलखात मी एकटी.

३ मार्च, गुरुवार

वरचा दात पडला. केस गळतात, येतात ते पांढरे. कोंडीराम माझ्याकडं बघत न्हाई, बघितलं की रडू येतं त्याला.

उद्या घोडेगावचा बाजार. सांगितलं, बहिनीकडं जाऊन येते, उद्याच्या दिवस रजिस्टर तू बघ. व्हय म्हनला.

४ मार्च, शुक्रवार, घोडेगाव

काय झालं न्हाई!

दहाच्या आधीच बहिनीच्या चुलीपाशी बसले, भीत भीत. अकरा भाकरी थापल्या. बहीन कुरकुरत हुती की पीठ काय तुझ्या बापानं दळून ठेवलंय. तिची कुरकुर एवढी गोड कदी लागली न्हाई. मग बाजारात गेले. म्हशी हंबरत हुत्या, दलाल भाव ठरवायला रुमालाखाली बोटं दाबत हुते, एका बैलानं एका पाव्हन्याचं धोतर खराब केलं. समदं हालत हुतं. गर्दीत उभी ऱ्हाऊन नुसतं बघितलं.

म्हंजे पेन सोडलं की सुटका. रात्री पोटभर झोपनार.

५ मार्च, शनिवार

माझ्या तोंडात माती पडो.

परत आले तर दीपा कोपऱ्यात बसलेली, गुडघ्यात डोकं. नखं वाढलेली, बोटाएवढी. ओठ फुटलेले. झग्याला पिठाचे हात. कोंडीरामाला टोकाला जावंच लागतं. त्यानं काल पेन तिच्या हातात दिलं. फार काम न्हाई, म्हनला, नुसतं बावीस लिहायचं.

तिला भाकर थापता येत न्हाई. कच्चं पीठ खाल्लं. भिंतीला कोळशानं रेघा मारल्यात, झोपून उठली की एक. मी मोजल्या. नऊ.

ती म्हनली, आज्जी, पप्पांना लई हाका मारल्या. ते दिसत हुते पन बघत नव्हते. मग म्हनली, तू कुठं गेल्तीस?

मी केलं हे. नारळ फोडनाऱ्याला हसले अन् दहा वर्साच्या पोरीला पुढं करून बाजार बघायला गेले. गोजरबाई परवडली. तिनं दुसऱ्याच्या हातात पेन दिलं न्हाई.

६ मार्च, रविवार

आज इमान न्हाई. कोंडीरामाला समोर बसवलं. दीपाची नखं त्याच्या हातावर ठेवली. त्यानं मूठ मिटली. मग म्हनला, आई, नोकरी सोडली तर जायचं कुठं. घोडेगावचं घर पडलंय. मला दुसरं काय येतं. शिव्या देनार हुते, दिल्या न्हाईत. खरंच बोलत हुता.

ठरलं असं. दीपाची परीक्षा अकरा एप्रिलला संपती. चौदा एप्रिलच्या जयंतीला समद्यांनी घोडेगावला जायचं अन् दीपाला बहिनीकडंच ठेवायचं, पाचवीला तिथंच घालायचं. तवर रजिस्टर मी लिहिनार. दीपानं पेनाला हात लावायचा न्हाई.

म्हंजे तवर मी मरायचं न्हाई. मी मेले की पेन कोनाच्या हातात जाईल हे मला कळून चुकलंय.

१४ मार्च, सोमवार

सहा झोपा. पिठाचं आदल्या दिशीच दोन डबे भरून ठेवते. पानी दोन रांजन. आपल्यापुरतं हातात घेतलं तेवढं हालतं. इस्तू पेटतो, पानी सांडतं. बाकी चित्र.

२२ मार्च, मंगळवार

अकरा झोपा. दीपा समोर पुस्तक घेऊन थांबलेली असती. तिच्याशी बोलते. ऐकू जात न्हाई ते बरं. तिच्या आज्याबद्दल जे सांगितलं ते पोरींना सांगायचं नसतं.

राधाकृष्ण साहेब इचारत न्हाई आता, किती भाकरी म्हनून. माझ्याकडं बघून खाली मान घालतो.

३० मार्च

एकोनीस. एका दिसाला येवढं लागतं, मग पुढच्या दिसाला किती?

देव नदीत सोडले ते बरंच केलं. पन एखादा ठेवायला पायजे हुता. शिव्या घालायला तरी.

७ एप्रिल

चाळीसच्या पुढं मोजलं न्हाई. दात संपले. भाकर पान्यात भिजवून.

गीता म्हनली, आत्याबाई, गावाला जायच्या आधी डाक्टरला दाखवू या का. म्हनलं, पाच दिस थांब.

११ एप्रिल, सोमवार

दीपाचा शेवटचा पेपर झाला. गनिताचा. भागाकार समदे आले म्हनली. गीतानं तिला जयंतीसाठी निळा झगा शिवलाय. घालून दाखवला, गिरकी मारली.

उद्याचा एक दिस. परवा सकाळच्या यष्टीनं निघायचं.

१२ एप्रिल, मंगळवार

फोन वाजला. आसाराम म्हनला, उडालं, पन ढग हाय, वळीव येईल. कोंडीराम गेला.

बोटांत पेन ठरत नव्हतं. म्हनलं, आज दोन्ही येळा एकदमच लिहून टाकू, उतरल्यावर पेन धरवेल का न्हाई कोन जाने. उडालं, दहा. ते लिहिलं. उतरलं, ह्या रकान्यात पेन टेकवलं तर घसरलं. दीपा पान्याचा तांब्या घेऊन येत हुती. तिनं तांब्या ठेवला, माझ्या हातावर हात ठेवला अन् दहा काढून दिला. मी वराडले तिच्यावर. ढकललं. पुढचं बावीस मीच काढलं. तिनं तांब्या परत उचलला, रुसून दाराकडं चालली. उंबऱ्यावर एक पाय.

तिथंच थांबली.

नुसता दहाच तर काढला. त्यानं काय व्हत न्हाई. माझा हात खाली हुताच की.

१२ एप्रिल

निजून उठले. पाच का सहा झोपा झाल्या. काटा दहा एकवर.

१२ एप्रिल

नखं कापली तिसऱ्यांदा. एक डबा संपला. सावली जिथली तिथं.

दीपा उंबऱ्यावर. रुसलेलीच. तिच्या गालावर हात फिरवला. गार. गार हाय ते बरं हाय. गार हाय म्हंजे ती ह्यात न्हाई.

१२ एप्रिल

काटा दहा तीनवर. तीन मिनिटाला येवढं लागलं. अजून एकोनीस.

पान्याचा पहिला रांजन गेला.

१२ एप्रिल

ठिपका! डोंगराच्या वर. इमानच हाय. काटा अजून दहा चारवरच, येवढ्या लौकर कदी दिसत न्हाई, पन दिसलं. दारात बसून बघते. खांबाच्या टोकाला बोट लावून मोजते.

तोंडाला चव आली.

१२ एप्रिल

ठिपका हालला. डाव्या अंगाला. अर्धं बोट.

दुसरा डबा संपला. कच्ची डाळ चावता येत न्हाई, भिजवली.

१२ एप्रिल

काटा दहा चार. तवा बी दहा चार हुता ना?

मागचं पान बघितलं. व्हय. दहा चार.

१२ एप्रिल

ठिपका बारीक झालाय. नजर गेली असंल माझी.

१२ एप्रिल

नजर न्हाई गेली. ज्वारीच्या दान्याएवढा हुता, मग बाजरीएवढा, आता खसखशीएवढा. इकडं येत न्हाई ते. माघारी चाललंय. ढग आला असंल, फिरलं असंल. पन रजिस्टरात तर उतरलंय. दहा बावीसला उतरलंय, मी लिहून बसले, अन् ते उतरनार न्हाई. मग हे संपायचं कशानं?

रजिस्टर खोडलं. घासून घासून कागद फाटला. काटा दहा चार.

१२ एप्रिल

दिसत न्हाई आता. आभाळ कोरं.

१२ एप्रिल

पानी तांब्याभर. दीपाच्या हातातला. तो सुटत न्हाई तिच्या मुठीतनं. त्यातलं बोट बुडवून घेते.

मरायचं न्हाई. मेले तर

मरायचं न्हाई.

१२ एप्रिल

पेनशिल बोटाएवढी राहिली. पीठ नसताना थापत बसले हुते. कवापासनं ते कळलं न्हाई.

१२ एप्रिल

आवाज झाला.

इथं आवाज व्हत न्हाई. माझ्याबिगर कोन—

तांब्या. तांब्या पडलाय उंबऱ्यावर. पानी पसरतंय. मी न्हाई पाडला. मी चुलीपाशी हाय.

पिशवी हालत न्हाई. माशी हालत न्हाई. काटा दहा चार. मग तांब्या कसा—

फाटक्या कागदावर, उतरल्याच्या रकान्यात, दहा अजून दिसतोय. माझं बावीस गेलं खोडताना. दहा तसाच. तिचा दहा.

न्हाई. न्हाई. तिकडं बघनार न्हाई मी.

पाय घासत येती. माझ्याजवळ बसली. हात गरम हाय तिचा.

म्हनती, आज्जी, आज किती भाक—